कागदावरची लेक

नागासाकी, ६ ऑक्टोबर

फादर शिगेतो यांस,

कागदोपत्री तुम्ही माझे मामा लागता. तुमच्याहून तीन वर्षांनी मोठी आणि गुडघ्यांनी अधू झालेली ही भाची तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे, तेव्हा राग आला तरी शेवटपर्यंत वाचा. फाडायचं असलं तर मग खुशाल फाडा.

तुमची बहीण खुशाल आहे असं लिहायची पद्धत असते. किनुयो जेवते चांगलं, झोपते चांगलं, पण विसरते. आधी गॅस बंद करायला विसरली, मग आमच्या पार्लरमध्ये वीस-वीस वर्षं केस कापायला येणाऱ्या बायकांची नावं विसरली. आजाराचं नाव मी लिहीत नाही, तुमच्या बेटावर म्हातारीच माणसं उरली आहेत, तुम्हाला ते पाठच असेल. लहानपणचं मात्र सगळं लख्ख आठवतं. वाळत घातलेले रताळ्याचे काप तुम्ही चोरून खाल्लेत आणि मार तिने खाल्ला, हे मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकावं लागतं.

मला ती विसरलेली नाही. विसरली असती तर एक वेळ मी सोसलं असतं. ती मला आपली मुलगी समजते.

आता हे कसं झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहिते, कारण तुम्ही त्याची एकच बाजू पाहिलीत. तिच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर बसून होते. नर्स आली, म्हणाली, "घरचं कोण आहे?" मी म्हटलं, "मी." "नातं काय?" मी म्हटलं, "आम्ही एकत्र राहतो." ती बिचारी चांगली होती, वाकून नमस्कार करून म्हणाली, "मग नातेवाईक येईपर्यंत थांबू या." दुसऱ्या दिवशी बोटीने तुम्ही आलात. तुम्हाला त्यांनी दोन मिनिटांत सगळं सांगितलं, आणि तुम्ही बाहेर येऊन मला सांगितलंत. तो उपकार मी विसरलेले नाही, म्हणून तर आज लिहायचं धाडस करते आहे.

ती घरी आल्यावर आम्ही महापालिकेत जाऊन दत्तकाचा कागद केला. दोघी बायकांना लग्नाची सोय नव्हती, दत्तकाची होती. मोठीने धाकटीला घ्यायचं, एका दिवसाचा फरकही चालतो. किनुयो माझ्याहून अकरा महिन्यांनी मोठी. त्यामुळे ती आई झाली, मी तिची लेक, आणि माझं आडनाव हामासाकी झालं. परत येताना ट्राममध्ये ती म्हणाली, "अकरा महिन्यांची असताना मला मूल झालं, हिसा. आता अंगाई म्हणू का?" आम्ही इतक्या हसलो की ड्रायव्हरने आरशातून पाहिलं.

तुमचं पत्र त्यानंतर आलं. "पाप मला समजतं, पापाला क्षमाही आहे. पण ताई, तू आई या शब्दाची थट्टा केलीस." तिने ते पत्र वाचून घडी घातली आणि तुमचं नाव पुन्हा काढलं नाही. तरी दर रविवारी ती चर्चला जायची, शेवटच्या बाकावर बसायची. बाकीचे लोक तुमची ती प्रसादाची पातळ भाकर घ्यायला उठले की गुडघे एका बाजूला घेऊन त्यांना वाट द्यायची, स्वतः उठायची नाही, पापात राहणाऱ्याने ती घ्यायची नसते म्हणून. तुमच्या बहिणीने नियम मोडले असतील, पण चोरून काही खाल्लं नाही.

तर आता. ती दिवसा ज्या केंद्रात जाते तिथल्या मुली फार लाघवी आहेत. संध्याकाळी मी न्यायला गेले की ओरडतात, "किनुयोताई, लेक आली हो तुमची!" पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा किनुयोने मला डोळा मारला. रोज मारायची. उन्हाळ्यात एक दिवस मारला नाही. मला वाटलं, दमली असेल. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "पोरी, आईसाठी किती खपतेस गं."

तेवढ्यावर भागलं असतं तर मी लेक होऊन राहिलेही असते. पण गेल्या महिन्यात जेवता जेवता तिने काड्या खाली ठेवल्या आणि मला विचारलं, "तुझा बाप कोण?" मी म्हटलं, "कोणी नाही." ती म्हणाली, "असं कसं? माझं लग्न झाल्याचं तर मला आठवत नाही." आणि रडायला लागली. तेव्हापासून रोज तेच. लग्नावाचून पोर झालं, कुणापासून तेही आठवत नाही, आणि हे पाप कबूल न करताच आपण मरणार. माझा हात धरून सांगते, "शिगेला कळू देऊ नकोस." फादर, या बाईने आयुष्यात पुरुषाला हात लावला तो केस कापताना मान वळवण्यापुरता!

मी सांगून पाहिलं. "किनु, मी हिसा. मी तुझी मुलगी नाही." तिचा चेहरा असा झाला, जणू मी तिला टाकून चालले आहे. पुन्हा माझ्याने बोलवलं नाही.

तुम्ही या. ती तुम्हाला ओळखते, तुमच्या शब्दावर विश्वास ठेवील. आणि आम्ही कोण आहोत ते स्पष्ट म्हणणारे तिच्या घरचे तुम्ही एकटेच आता जिवंत आहात. शिवी म्हणून म्हणालात, तरी म्हणालात.

हिसाए


२७ ऑक्टोबर

फादर,

तुमचं कार्ड मिळालं. येताय हे वाचून मी खाली पार्लरमध्ये जाऊन रडून आले, मग पुढची ओळ वाचली आणि रडू पळालं. "एक पाप तिच्या डोक्यावरून उतरवून दुसरं ठेवायला तुम्ही मला बोलावता आहात, याचा विचार केलात का?" केला. पहिलं पाप तिने केलेलंच नाही. दुसरं तुमच्या मते पाप आहे, पण निदान तिचं स्वतःचं आहे. ते तिला परत द्या, एवढंच मागते.

तुम्ही विचारलंत, शहरात बायकाबायकांच्या लग्नावर हल्ली काय बोलतात. वर्तमानपत्रात काय बोलतात ते तुम्ही वाचता. पार्लरमध्ये काय बोलतात ते सांगते. परवा इवानागाबाईंच्या डोक्याला रंग लावत होते, टीव्हीवर त्याच लग्नांच्या खटल्याची बातमी चालली होती. त्या म्हणाल्या, "दोन बायकांनी लग्न केलं तर भांडी कोण घासणार?" शेजारच्या खुर्चीवरून मोरितागाबाई म्हणाल्या, "माझ्या घरात एक बाई आणि एक पुरुष आहे, तरी प्रश्न सुटलेला नाही." सगळ्या हसल्या. मग इवानागाबाई म्हणाल्या, "नाही, पण पोरंबाळं, घराणं, थडगं, हे सगळं कुणी बघायचं? जगरहाटी म्हणून काही आहे की नाही?" आणि आरशात माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुमचं बरं आहे हो हिसाएताई, तुम्ही रीतसर लेक आहात." त्यांना ठाऊक आहे, फादर. तीस वर्षं ठाऊक आहे. त्यांनी ते इतक्या मायेने झाकलं आहे की उघडायची सोय ठेवली नाही.

मोरितागाबाईंची नात काहो वकिलीचं शिकते, लग्नाच्या हक्काच्या मोर्चांना जाते. किनुयो धड होती तेव्हाची गोष्ट. पोर उड्या मारत आली, "आजी, कायदा बदलला की पहिलं लग्न तुमचं लावायचं!" दोन दिवसांनी पुन्हा आली ती तोंड पाडून. कायद्यात म्हणे कलम आहे. एकदा दत्तक नात्याने आई-मुलगी झालं की त्यांचं लग्न कधीच होऊ शकत नाही. दत्तक मोडलं तरी नाही. उद्या सगळ्या देशातल्या दोन-दोन बायकांना लग्नं करता आली तरी आम्हाला येणार नाही, कारण आम्ही थांबलो नाही, घाई केली.  किनुयो त्या पोरीचीच समजूत घालत म्हणाली, "अगं, आगीत सापडलेल्याने खिडकीतून उडी मारली तर दारातून का नाही आलास म्हणून विचारतात का?"

त्या दिवशी मला वाटलं होतं, याहून वाईट काही व्हायचं नाही. मी मूर्ख.

बोटीवर गोळी घेऊन बसा. तुमची ताई म्हणते, तुम्हाला बोट लागते. आमच्या पायऱ्या एकशे काहीतरी आहेत, सावकाश चढा.

हिसाए


१८ नोव्हेंबर

फादर,

तुम्ही सुखरूप पोचल्याचं कळलं. मी रागात लिहिते आहे, हे आधीच सांगते.

पायऱ्यांवर आपण भांडलो त्याबद्दल माफी मागणार नाही. तुम्ही दम खायला थांबलात आणि म्हणालात, "हिसाएबाई, सरकारने उद्या कायदा केला तरी आमच्या चर्चचं उत्तर बदलणार नाही. विवाह हा संस्कार आहे."

मी म्हटलं, "संस्कार तुमच्याजवळ ठेवा. मला दवाखान्यातल्या त्या बाकावरून उठून आत जाता यावं, एवढंच हवं होतं. त्याला देव कशाला मध्ये?"

"मग खोटं कशाला? आई-मुलगी कशाला?"

तेव्हा मी जे बोलले ते पुन्हा लिहिते, कारण मला ते अजूनही खरं वाटतं. ख्रिस्ती धर्मावर बंदी होती तेव्हा तुमच्या खापरपणज्यांनी अडीचशे वर्षं काय केलं? बौद्ध मठाच्या वहीत नाव घातलं, दरवर्षी अधिकाऱ्यासमोर मेरीच्या मूर्तीवर पाय दिला, आणि घरी येऊन क्षमेची प्रार्थना म्हटली. त्यांना तुम्ही हुतात्म्यांच्या पंगतीत बसवता. दत्तकाचा कागद करून आलो त्या संध्याकाळी किनुयोने तीच प्रार्थना म्हटली, तुमच्या आजीची, ते अर्धवट लॅटिन आणि अर्धवट काहीतरी. मला एक अक्षर कळलं नाही, पण मी शेजारी बसले. तुमच्या लोकांनी वहीत लिहिलं ते खोटं नव्हे, मग आमचंच तेवढं खोटं?

तुम्ही कठड्याला धरून उभे होतात. रागावला नाहीत. म्हणालात, "सगळे परत आले नाहीत, हिसाएबाई. बंदी उठली, चर्चं उघडली, तरी काही घरं आलीच नाहीत. इतक्या पिढ्या सोंग घेतलं की त्यांचं तेच खरं झालं होतं. पलीकडच्या गावात माझ्या लहानपणी होती अशी घरं. वाईट माणसं नव्हती." आणि पुन्हा पायऱ्या चढायला लागलात. 

तिने तुम्हाला पाहिल्याबरोबर "शिगे, वाळलास रे!" म्हटलं. तुम्ही गुडघ्यांवर बसलात आणि तिने तुमच्या टकलावरून हात फिरवला. त्या वेळी मी तुम्हाला सगळं माफ केलं होतं. मग ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली, तुमच्या कानाशी लागली, आणि तुम्ही खिशातून पापाची कबुली ऐकायचा तो जांभळा पट्टा काढून गळ्यात घातलात. मला म्हणालात, "जरा बाहेर थांबा."

पुन्हा बाहेर! माझ्या स्वतःच्या घरात!

वरचं दार कागदी आहे, जिन्यात बसलं की आतली कुजबुज ऐकू येते. मी खाली गेले आणि केस वाळवायचं मोठं यंत्र सुरू करून त्याच्याखाली जाऊन बसले. तुम्हाला वाटलं असेल, बाई सभ्य आहे. सभ्य कसली, मला भीती वाटत होती. ती त्या नसलेल्या पुरुषाबद्दल सांगते आहे हे ऐकवलं नसतं. आणि ती माझ्याबद्दल सांगते आहे, मला पाप म्हणून सांगते आहे, हे तर मुळीच ऐकवलं नसतं.

तुम्ही खाली आलात तेव्हा डोळे लाल होते. मी विचारलं, "काय म्हणाली?"

"कबुलीत ऐकलेलं सांगता येत नाही."

"मी कोण ते सांगितलंत का तिला?"

"तेही त्यातच आलं, हिसाएबाई. ती आता शांत आहे."

तेवढ्यात वरून तिची हाक आली, "पोरी, मामाला उपाशी पाठवू नकोस गं!" आणि तुम्ही जिन्याकडे तोंड करून काय म्हणालात? "जेवूनच जाईन, ताई." एवढंच म्हणालात. एका वाक्याची गरज होती, फादर. मी तुमची भाची नाही, एवढं एक वाक्य. खोट्याची तुम्हाला इतकी चीड, तीस वर्षं सख्ख्या बहिणीशी बोलला नाहीत त्यापायी, आणि वेळ आली तेव्हा ते खोटं भाताबरोबर मुकाट्याने गिळलंत.

बसथांब्यावर तुम्ही म्हणालात, "मी सांगायला तोंड उघडलं होतं, मग तिचा चेहरा पाहिला. तुम्हीही उघडलं होतं ना? मग तुम्हाला कळेल." बस आली. घरी परतताना प्रत्येक पायरीला मी तुम्हाला शिव्या दिल्या.

कळलं. कळलं म्हणूनच राग येतो. ती शांत आहे, हे खरं आहे. बापाचं पुन्हा विचारलं नाही. सकाळी गाणं गुणगुणते. रविवारी तिला चर्चला नेलं तर ती रांगेत उठली आणि तोंड उघडून ती भाकर घेतली, इतक्या वर्षांनी. या वेळी गुडघे बाजूला घेऊन मी इतरांना वाट दिली. तिचं भलं झालं, मी नाही म्हणत नाही. पण माझं माणूस तुम्ही माझ्या देखत धुऊन-पुसून नेलंत आणि मला कोणावर ओरडायचं तेही कळत नाही.

अंथरूण आता तिने वेगळं करायला लावलं. "एवढी घोडी झालीस, आईला चिकटून झोपतेस होय?" मी ते पलीकडच्या भिंतीशी नेलं.

हिसाए


१४ डिसेंबर, शनिवार

फादर,

तुमची रताळी आणि शेवया पोचल्या. मागच्या पत्राला तुम्ही उत्तर दिलं नाहीत, नुसती खोकी पाठवलीत. ठीक आहे, मीही तेच केलं असतं.

काल फुकुओकाच्या कोर्टाचा निकाल लागला, तुम्ही ऐकला असेल. दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना लग्न करू न देणं घटनेला धरून नाही, असं वरच्या न्यायाधीशांनी म्हटलं. कायदा काही बदललेला नाही, तो टोकियोतली माणसं बदलतील तेव्हा. तरी काहो धावत आली, माझ्या गळ्यात पडून रडली. मग तिला ते कलम आठवलं असावं, कारण "सॉरी आजी, सॉरी" म्हणायला लागली. मी म्हटलं, "अगं, दुसऱ्याच्या घरी लग्न असलं तर आपण जेवायला जातोच की." ती गेली आणि मी खुर्च्या पुसत बसले.

किनुयो टीव्हीसमोर होती. बातमीत दोघी म्हाताऱ्या कोर्टाबाहेर हातात हात घेऊन उभ्या होत्या. मी बंद करायला गेले तर म्हणाली, "राहू दे." बराच वेळ बघत राहिली. मग मला जवळ बोलावलं, बस म्हणाली. मी बसले.

"पोरी, तुझं वय झालं, तू लग्न केलं नाहीस."

"नाही केलं."

"माझ्यामुळे अडकलीस."

"तसं काही नाही."

"आता बायकाबायकांनाही करता येणार म्हणे." ती माझ्याकडे बघत नव्हती, टीव्हीकडेच बघत होती. "तुझं तसं काही आहे का?"

 फादर, हा प्रश्न तिला तिच्या आईने विचारला नाही. मला माझ्या आईने विचारला नाही. तो तिने मला विचारला.

"मी रागावणार नाही," ती म्हणाली. "शिगे रागावेल. त्याचं मी बघते. बोल, आहे का कुणी?"

मी म्हटलं, "आहे एक."

"कोण?"

"पार्लर आहे तिचं."

"अगबाई, आपल्याच धंद्यातली! स्वभावाने कशी आहे?"

"फटकळ आहे. हसते फार. चारचौघांत डोळा मारते."

"अस्सं!" ती खूश झाली. "जुनी ओळख आहे?"

"जुनी आहे."

"मग इतके दिवस लपवून का ठेवलंस? मी काय खाल्लं असतं तुला?" आणि माझा हात घेऊन थोपटायला लागली, आई थोपटते तसा. "बिचारी. एकटीच राहते का गं ती? घरी आण तिला. मला नीट सगळं समजतं आहे तोवर आण. कधी आणतेस?"

काय बोलले ते मला बोलून झाल्यावर कळलं. मी रविवार म्हटलं. मला वाटलं, सकाळपर्यंत विसरेल. ती नळ चालू ठेवून विसरते, दुपारी जेवली ते संध्याकाळी विसरते. हे विसरली नाही. आज उठल्या उठल्या विचारलं, ती गोड खाते का? मग पाहुणी पार्लरवाली, आपले केस असे कसे चालतील, म्हणून मला खाली न्यायला लावलं आणि खुर्चीत बसली. मी धुऊन, कापून, कुरळे करून दिले. आरशात बघून म्हणाली, "तिला आवडेन ना मी?"

मी हो म्हटलं. मला दुसरं काही म्हणता आलं नाही. तुम्ही जिन्याखाली उभे राहून जेवूनच जाईन म्हणालात ना, तसंच. तुमच्यावरचा माझा राग तिथेच गेला, हे तुम्हाला कळवायला म्हणून हे पत्र सुरू केलं होतं.

आत्ता ती वर बसली आहे. टेबलावर तीन बशा मांडल्या आहेत, एक तिची, एक माझी, एक त्या बाईची. उद्या रविवार आहे, फादर, आणि आणायला माझ्याकडे कुणी नाही.

हिसाए